बॅरिस्टरची पदवी मिळाली, पण खटले कोण देणार?



परदेशात कायदा शिकायचा म्हटले की आपल्या समाजात पहिले नाव बाबासाहेबांचे निघते. ग्रेज इनमधला त्यांचा फोटो आपण स्टेटसला ठेवतो. पण त्या शिक्षणाची किंमत काय होती आणि पदवीनंतर काय घडले, याची चर्चा आपण फारशी करत नाही. आज ती करण्याची गरज आहे.

बाबासाहेबांनी 1916 मध्ये ग्रेज इनमध्ये नाव नोंदवले. बडोदा संस्थानच्या शिष्यवृत्तीची मुदत संपली म्हणून 1917 मध्ये त्यांना शिक्षण अर्धवट सोडून परतावे लागले. सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापकी करून त्यांनी पैसे साठवले, शाहू महाराजांनी मदत केली, मित्र नवल भथेना यांनी कर्ज दिले, तेव्हा कुठे 1920 मध्ये ते पुन्हा लंडनला जाऊ शकले. म्हणजे बुद्धी तीच, माणूस तोच, पण केवळ पैशाअभावी तीन वर्षे मधे गेली.

1923 मध्ये ते बॅरिस्टर होऊन परतले आणि मुंबई हायकोर्टात वकिली सुरू केली. पण तेव्हा हायकोर्टात बॅरिस्टरकडे खटला यायचा तो सॉलिसिटरमार्फत. अस्पृश्य बॅरिस्टरला खटला द्यायला सॉलिसिटर तयार नव्हते. म्हणून त्यांना जिल्हा कोर्टांतली कामे घ्यावी लागली, अकाउंटन्सीच्या एका संस्थेत व्यापारी कायदा शिकवावा लागला. याच्या शेजारी दुसरे उदाहरण ठेवा. 1912 मध्ये बॅरिस्टर होऊन आलेल्या जवाहरलाल नेहरूंचे वडील मोतीलाल हे अलाहाबादचे बडे वकील होते. पदवी दोघांकडे सारखी, पण एकाला घरातच चेंबर मिळाले आणि दुसऱ्याला दारे बंद मिळाली.

तरीही बाबासाहेबांनी 1926 मध्ये ‘देशाचे दुश्मन’ खटल्यात जेधे-जवळकरांची बाजू लढवून जिंकली. चवदार तळ्याचा दावा 1927 मध्ये सुरू झाला आणि 1937 मध्ये हायकोर्टाचा निकाल आपल्या बाजूने लागला. पण हे त्यांच्या असामान्य कष्टाचे यश आहे. प्रत्येक मुलाने असामान्यच असले पाहिजे, अशी अट ज्या व्यवस्थेत असते ती व्यवस्था न्याय्य नसते.

आता आजचे बघू. परदेशातील लॉ स्कूल उन्हाळी सुट्टीत काही आठवड्यांचे अभ्यासक्रम चालवतात. त्यातल्या काहींमध्ये लॉ फर्म, मानवी हक्क संस्था किंवा वकिलांच्या चेंबरमध्ये इंटर्नशिपही मिळते. “चार आठवड्यांत काय शिकणार? ही तर पैसेवाल्यांची सहल!” असे आपलेच काही कार्यकर्ते म्हणतात. आम्हाला हे मान्य नाही. वर्गातला कायदा पुस्तकातही सापडतो. इंटर्नशिपमध्ये मिळते ती ओळख, शिफारसपत्र आणि कामाची रीत. वकिलाच्या मुलाला हे जेवणाच्या टेबलावर फुकट मिळते. 1923 मध्ये बाबासाहेबांना जे नाकारले गेले, ते नेमके हेच होते.

मग आपली मुले तिथे का दिसत नाहीत? राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती आणि केंद्राची राष्ट्रीय परदेश शिष्यवृत्ती या दोन्ही योजना पदव्युत्तर आणि पीएच.डी. शिक्षणासाठी आहेत. त्या टिकवल्याच पाहिजेत. पण कायद्याची पदवी घेत असलेल्या पहिल्या पिढीच्या विद्यार्थ्याला फी, विमान तिकीट, व्हिसा आणि राहण्याचा खर्च देऊन अशा उन्हाळी अभ्यासक्रमाला पाठवण्याची तरतूद त्यांत नाही. बिनपगारी इंटर्नशिप तर गरिबाला आपोआप बाहेर काढते.

म्हणून आमची मागणी स्पष्ट आहे. सरकारने अल्पमुदतीच्या विधी अभ्यासक्रमांसाठी स्वतंत्र शिष्यवृत्ती सुरू करावी. आणि समाज म्हणून आपणही जबाबदारी घ्यावी. जयंतीच्या वर्गणीतला काही हिस्सा दरवर्षी एका विद्यार्थ्यासाठी बाजूला काढता येईल. आपल्यातल्या प्रस्थापित वकिलांनी सुट्टीत दोन-दोन मुले चेंबरमध्ये घ्यावीत, त्यासाठी तर शासन निर्णयाचीही वाट बघायला नको.

‘शिका’ हा आदेश आपण पाळला, पदव्या घेतल्या. आता त्या पदवीला काम मिळवून देणारी माणसे आपल्यातूनच उभी राहिली पाहिजेत.