उपशामक सेवा आणि मृत्यूनंतरची सोबत : झिंबाब्वेच्या ‘आयलंड हॉस्पिस’चे काम

“आता आणखी उपचारांचा उपयोग नाही, पेशंटला घरी न्या,” असे डॉक्टरांनी सांगितले की बहुतेक नातेवाईक त्याचा अर्थ ‘आता करण्यासारखे काहीच उरले नाही’ असा लावतात. हा अर्थ बरोबर नाही. आजार बरा होणार नसला तरी वेदना, धाप, उलट्या, झोप न लागणे, मनातली भीती या सगळ्यांवर उपचार करता येतात. यालाच उपशामक सेवा किंवा पॅलिएटिव्ह केअर म्हणतात. पैसा, डॉक्टर आणि औषधे यांची टंचाई असूनही ही सेवा घरोघरी पोहोचवता येते, हे आफ्रिकेतील काही सेवाभावी संस्थांनी दाखवून दिले आहे. त्यांच्या अनुभवातून आपल्यालाही शिकण्यासारखे बरेच आहे.

उपशामक सेवा म्हणजे नेमके काय?

लंडनमध्ये १९६७ साली डॉ. सिसिली सॉन्डर्स यांनी सेंट ख्रिस्तोफर्स हॉस्पिस सुरू केले. तेथून या सेवेला आधुनिक रूप मिळाले. पेशंटचे दुखणे फक्त शरीराचे नसते, त्यात मनाचे, कुटुंबाचे आणि श्रद्धेचेही दुखणे मिसळलेले असते, हा त्यांचा मुख्य विचार होता. म्हणून या सेवेत डॉक्टर, नर्स, समाजसेवक आणि समुपदेशक एकत्र काम करतात.

जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार जगात दरवर्षी सुमारे ५ कोटी ६८ लाख लोकांना या सेवेची गरज असते. प्रत्यक्षात ती मिळते फक्त १४ टक्के लोकांना. कॅन्सरप्रमाणेच हृदय, मूत्रपिंड व फुफ्फुसांचे जुनाट विकार, एचआयव्ही, पक्षाघात आणि स्मृतिभ्रंशाच्या पेशंटनाही तिचा उपयोग होतो. ती अगदी शेवटच्या आठवड्यापर्यंत थांबवून ठेवायची गरज नाही. मूळ आजाराच्या उपचारांसोबतच ती सुरू करता येते.

आयलंड हॉस्पिस : घर हेच रुग्णालय

झिंबाब्वेच्या राजधानीत, म्हणजे आजच्या हरारेमध्ये, १९७९ साली आयलंड हॉस्पिसची स्थापना झाली. आफ्रिका खंडातील ही पहिली हॉस्पिस संस्था. हॉस्पिस म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर खाटांची इमारत येते. आयलंडचा भर मात्र पहिल्यापासून घरी जाऊन सेवा देण्यावर राहिला. नर्स औषधांचे आणि जखमांचे पाहते, तर समाजसेवक घरातल्या माणसांशी बोलतो. पेशंटला कसे वळवायचे, तोंड कसे स्वच्छ ठेवायचे, औषध किती वाजता द्यायचे, हे घरच्यांना शिकवले जाते.

१९९० च्या दशकात एचआयव्हीची साथ पसरली आणि कामाचे स्वरूप बदलले. अनेक घरांत कर्ती माणसे आजारी पडली आणि दहा-बारा वर्षांची मुलेच आई-वडिलांची शुश्रूषा करू लागली. अशा मुलांना ‘तू लहान आहेस, बाजूला हो’ असे म्हणण्यात अर्थ नव्हता. आयलंडने त्यांना सेवेचे साधे धडे दिले आणि त्यांच्या मनावरचा ताणही ऐकून घेतला. आपल्या घरातले मूल आजीला पाणी पाजत असेल, औषध आणून देत असेल, तर तेही सेवा करणारे माणूस आहे हे विसरू नका. त्याला विश्रांती, शाळा आणि खेळ मिळालाच पाहिजे.

वेदनेवर औषध : युगांडाचा धडा

डॉ. अ‍ॅन मेरिमन यांनी १९९३ साली युगांडात ‘हॉस्पिस आफ्रिका युगांडा’ सुरू केले. महागड्या गोळ्यांऐवजी त्यांनी मॉर्फिनची पावडर पाण्यात मिसळून पिण्याचे स्वस्त औषध तयार करायला सुरुवात केली. सौम्य औषधाचा रंग हिरवा आणि तीव्र औषधाचा वेगळा, त्यामुळे लिहिता-वाचता न येणाऱ्या कुटुंबालाही बाटली ओळखता येते. डॉक्टर फार थोडे असल्याने २००४ साली तेथे खास प्रशिक्षण घेतलेल्या नर्सना मॉर्फिन लिहून देण्याची कायदेशीर परवानगी मिळाली.

मॉर्फिनबद्दल नातेवाईक नेहमी विचारतात ते प्रश्न असे :

• सवय लागेल का? तीव्र वेदनेसाठी डॉक्टरांच्या देखरेखीखाली घेतल्यास व्यसन लागण्याचा धोका कमी असतो. मात्र औषध अचानक बंद करू नये.

• यामुळे मृत्यू लवकर येतो का? नाही. डोस कमी ठेवून हळूहळू वाढवला तर औषध सुरक्षित असते. मूत्रपिंडाचा आजार असल्यास डॉक्टरांना जरूर सांगा, डोस बदलावा लागतो.

• दुखेल तेव्हाच द्यायचे का? नाही. साधे मॉर्फिन साधारणपणे दर ४ तासांनी, घड्याळ पाहून द्यावे लागते. वेदना उफाळून येण्याची वाट पाहू नका.

• त्रास काय होतो? पहिले काही दिवस मळमळ आणि गुंगी येते, ती बहुधा कमी होते. बद्धकोष्ठता मात्र टिकून राहते, म्हणून सोबत पोट साफ होण्याचे औषध लागतेच.

पेशंटला सहज जाग येत नसेल किंवा श्वास फार संथ झाला असेल तर पुढचा डोस न देता लगेच डॉक्टरांशी संपर्क साधा.

मुलांना सांगायचे की नाही?

झिंबाब्वेतील शोना समाजात नाजूक विषय आई-वडील थेट मुलांशी बोलत नाहीत. ते काम परंपरेने ‘तेते’ म्हणजे आत्या करते. आपल्याकडेही घरात अशी एखादी आत्या, मावशी किंवा काका असतातच. आईबाबांना जमत नसेल तर त्यांची मदत घ्या, पण मुलांना अंधारात ठेवू नका. ‘बाबा गावाला गेलेत’ किंवा ‘आजी झोपली आहे’ असे सांगितल्याने मूल वाट पाहत राहते किंवा झोपायलाच घाबरते. आपण हट्ट केला म्हणून असे झाले, असेही काही मुलांना वाटते. ‘बाबांचा आजार खूप मोठा आहे, डॉक्टर तो बरा करू शकत नाहीत, यात तुझी काही चूक नाही,’ असे साध्या शब्दांत सांगा.

युगांडातील एचआयव्हीबाधित मातांनी मुलांसाठी ‘आठवणींची वही’ लिहिण्याची पद्धत रुजवली. घराण्याची माहिती, मुलाच्या जन्माची गोष्ट, आवडीनिवडी, फोटो असे सगळे त्यात असते. ही वही करताना आजाराबद्दल बोलायला वाट मिळते आणि आई गेल्यावर मुलाच्या हातात तिचे काहीतरी राहते. यासाठी खर्च जवळजवळ शून्य आहे. मोबाइलवर आवाज रेकॉर्ड करूनही हे करता येईल.

मृत्यूनंतरही काम संपत नाही

आयलंडचे वेगळेपण येथे दिसते. पेशंट गेल्यावर कुटुंबाची साथ सोडायची नाही, हा त्यांच्या सेवेचा भाग आहे. वैयक्तिक समुपदेशन, गटात बोलणे, मुलांसाठी वेगळे कार्यक्रम, असे काम ते करतात. शोना परंपरेत दफनानंतर काही महिन्यांनी ते वर्षभराने ‘कुरोवा गुवा’ हा विधी होतो आणि नातेवाईक पुन्हा एकत्र येतात. आपल्याकडे तेराव्यानंतर पाहुणे पांगतात आणि घर रिकामे होते. खरा एकटेपणा तेव्हाच सुरू होतो. म्हणून तेराव्यानंतरच्या महिन्यांत आवर्जून फोन करा, भेटा आणि गेलेल्या माणसाचे नाव घेऊन बोला.

रडू येणे, राग, अपराधीपणा, भूक मंदावणे हे शोकात स्वाभाविक आहे. पुढील लक्षणे असतील तर मात्र डॉक्टरांना भेटा :

• ६ महिने उलटूनही दैनंदिन कामे जमत नाहीत, दुःखाची तीव्रता तशीच आहे
• जगणे नको वाटते, आत्महत्येचे विचार येतात (अशा वेळी त्याच दिवशी मदत घ्या, माणसाला एकटे सोडू नका)
• दारू किंवा झोपेच्या गोळ्यांचे प्रमाण वाढले आहे
• मूल शाळेत जात नाही, बोलणे बंद केले आहे

आपल्याकडे ही सेवा कुठे मिळेल?

मुंबईत वांद्रे येथे १९८६ साली सुरू झालेले शांती आवेदना सदन हे भारतातील पहिले हॉस्पिस. गोव्यातही त्यांचे केंद्र आहे. टाटा मेमोरियल रुग्णालयात उपशामक सेवेचा स्वतंत्र विभाग आहे. २०१४ साली अमली पदार्थविषयक कायद्यात दुरुस्ती झाल्यापासून मान्यताप्राप्त रुग्णालयांना मॉर्फिन ठेवणे पूर्वीपेक्षा सोपे झाले आहे. तुमच्या डॉक्टरांना स्पष्ट विचारा : “पॅलिएटिव्ह केअर जवळ कुठे मिळेल? घरी येणारी टीम आहे का? वेदना वाढल्या तर रात्री कोणाला फोन करायचा?” या तीन प्रश्नांची उत्तरे डिस्चार्जच्या आधी कागदावर लिहून घ्या.