ऑटोपायलटला डोंगर दिसतो का?

जोतिबाचा डोंगर समुद्रसपाटीपासून सुमारे ३,१०० फूट उंच. ढगातल्या विमानाच्या ऑटोपायलटला इथे २,५०० फुटांचा आकडा दिला, तर तो मुकाट्याने खाली येईल. 'पुल अप' असं ओरडणारी यंत्रणा वेगळी; सहसा विमान वर खेचायचं वैमानिकानेच.

१४ फेब्रुवारी १९९० ला मुंबईहून निघालेलं इंडियन एअरलाइन्सचं एअरबस ए-३२० बंगळूरला धावपट्टीआधीच कोसळलं. १४६ पैकी ९२ जण गेले. चौकशीनुसार, मिनिटाला ७०० फूट हा उतरण्याचा वेग द्यायचा असताना बहुधा ७०० फूट उंचीच दिली गेली. बंगळूरची जमीनच २,९०० फुटांवर! संगणकाने आज्ञा पाळली, इंजिनं 'आयडल'वर नेली. वेग घटत गेला, वैमानिकांच्या उशिरा लक्षात आला. पूर्ण ताकद मागितली. पण इंजिनांना ती द्यायला काही सेकंद लागतातच.