तंजावरचे दप्तर

दक्षिणेच्या यात्रेस निघालेला मराठी माणूस तंजावरास उतरतो तो बहुधा मनाशी एक हिशेब घेऊनच. रामेश्वराच्या वाटेवर एक दिवस हाताशी असतो. सकाळी बृहदीश्वराचे दर्शन घ्यावे, दुपारी भोसल्यांचा राजवाडा पाहावा आणि सायंकाळच्या गाडीने पुढे निघावे, असा त्याचा बेत असतो. मीही पहिल्या खेपेस असाच गेलो होतो. देवळाच्या आवारात पाऊल टाकताच तिथल्या एका वृद्ध रखवालदाराला मी पहिला प्रश्न केला तो हाच, की मराठी शिलालेख कुठे आहे? त्याने मला मुकाट्याने नैर्ऋत्येच्या बाजूस नेले. भिंतीवर कोरलेल्या ओळींमागून ओळी मी वाचीत होतो, तोवर तो शांतपणे उभा राहिला. परत येताना मात्र मुख्य देवळाच्या जोत्याकडे बोट दाखवून मोडक्यातोडक्या हिंदीत तो म्हणाला, “साहेब, हेही लिहिलेलेच आहे. तुमच्याकडचे लोक याबद्दल कधी विचारीत नाहीत.”

त्याच्या बोलण्यात तक्रार नव्हती. तरीही ते वाक्य मला लागले आणि पुढच्या खेपांना तंजावर पाहण्याची माझी रीतच बदलली. एखादे जुने शहर पाहुण्याला का आवडावे, याचे उत्तर मला त्या जोत्यापाशी सापडले.

बृहदीश्वराचे मंदिर पहिल्या राजराज चोळाने बांधविले आणि ते इसवी सन १०१० मध्ये पूर्णत्वास गेले. गर्भगृहावरचे विमान सुमारे दोनशे फूट उंच आहे. सभोवती कावेरीचा भाताचा सपाट मुलूख आहे. त्यात दगड मिळत नाही. तो सारा दुरून आणावा लागला. या विमानाची सावली म्हणे जमिनीवर पडत नाही! वाटाडे ही गोष्ट रंगवून सांगतात, आणि दुपारच्या उन्हात त्याच सावलीत विसावलेले यात्रेकरू ती श्रद्धेने ऐकतात. परंतु खरे नवल कळसापाशी नाही, ते पायथ्याशी आहे. आपण दिलेली, आपल्या बहिणीने दिलेली, राण्यांनी दिलेली आणि इतरांनी दिलेली दाने दगडावर कोरून ठेवावीत, अशी राजराजाची आज्ञा होती. त्या आज्ञेप्रमाणे जोत्यावर जे कोरले गेले ते एका राज्याचे अस्सल दप्तरच आहे.

माझे आयुष्य सरकारी कागदांत गेले, म्हणून असेल कदाचित, पण या लेखांपुढे मी फार वेळ उभा राहतो. देवळाच्या सेवेसाठी गावोगावहून आणलेल्या चारशे नर्तकींची नोंद त्यांत आहे. ती नुसती संख्या नाही. प्रत्येकीचे नाव, ती कोणत्या गावच्या देवळातून आली ते, आणि तिला दिलेले घर कोणत्या रस्त्याच्या कोणत्या बाजूस कितवे आहे ते, सारे लिहिले आहे. प्रत्येकीचा वाटा वर्षाला शंभर कलम भात. अखंड दिव्याच्या तुपासाठी एका दिव्यामागे शहाण्णव मेंढ्या लावून दिलेल्या आहेत. देवळाचा पैसा ग्रामसभांना साडेबारा टक्के व्याजाने दिलेला आहे. राजाच्या पराक्रमाची प्रशस्ती लेखात आहेच; पण नर्तक, वादक, शिंपी, सोनार यांच्या सोयीचा तपशीलही त्याच दगडावर तितक्याच काळजीने उतरला आहे. हजार वर्षांपूर्वीच्या एखाद्या बाईचे नाव आणि तिच्या घराचा पत्ता आज सांगता यावा, असे भाग्य जगातल्या फार थोड्या शहरांना लाभले आहे.

चोळांनंतर पुष्कळ काळाने नायक राजे आले. त्यांनी नंदी बसविला, सुब्रह्मण्याचे देखणे देऊळ उभारले आणि गर्भगृहाभोवतालच्या अंधाऱ्या प्रदक्षिणामार्गातील भिंती नव्या चित्रांनी रंगविल्या. १९३१ साली गोविंदस्वामी या संशोधकाला त्या चित्रांचा पापुद्रा निघालेल्या जागी खाली दुसरीच चित्रे दिसली. ती चोळांच्या काळातील होती. पुढे पुरातत्त्व खात्याने नायककालीन चित्रांचे थर जपून सोडवून वेगळ्या फलकांवर चढविले, आणि दोन्ही काळांची चित्रे वाचली. तंजावरच्या इतिहासाचे याहून बोलके उदाहरण मला ठाऊक नाही. इथे नव्याने जुन्याला झाकले, पण ते खरवडून टाकले नाही.

या थरांत आपला थर कोणता? शिवछत्रपतींचे सावत्र बंधू व्यंकोजी हे विजापूरकरांचे सरदार म्हणून या प्रांतात आले आणि १६७६च्या सुमारास तंजावरचे धनी झाले. १६७७ मध्ये खुद्द शिवाजी महाराज कर्नाटकात उतरले, तेव्हा वडिलार्जित वाटणीवरून दोघा भावांत जो तंटा झाला तो आपण बखरींतून वाचलेला असतो. परंतु आपली गोष्ट बहुधा तिथेच संपते. तंजावरची गोष्ट तिथे सुरू होते.

व्यंकोजींचे पुत्र शहाजी यांनी १६८४ ते १७१२ पर्यंत राज्य केले. त्यांनी मराठीत नाटके लिहिली, तेलुगूत लिहिली, आणि एका नाटकात तर पाच भाषा एकत्र नांदविल्या. सांगलीस विष्णुदास भाव्यांचे सीतास्वयंवर रंगभूमीवर आले ते १८४३ साली. त्याच्या सव्वाशे वर्षांहून आधी कावेरीकाठी मराठी नाटक लिहिले जात होते. गंमत अशी, की ते तेलुगू यक्षगानाच्या वळणावर गेले होते. राज्यकर्त्यांनी आपली भाषा प्रजेवर लादली नाही, प्रजेच्या भाषाही परक्या मानल्या नाहीत. पुढे एकोणिसाव्या शतकात मोरगावकर बुवांसारख्या मराठी कीर्तनकारांची कीर्तने ऐकून तंजावरच्या कृष्ण भागवतरांनी तमिळ हरिकथेला नवे रूप दिले. त्या कथेत साकी, दिंडी, ओवी, अभंग हे आपले छंद शिरले आणि तिथलेच झाले.

या घराण्यातील सर्वांत स्मरणीय पुरुष मात्र सर्वांत दुर्बळ राजा होता. दुसरे सरफोजी १७९८ साली गादीवर आले. लगेच पुढच्या वर्षी तहाने राज्याचा कारभार कंपनी सरकारकडे गेला. उरला तो किल्ला आणि तनखा. अशा स्थितीत दुसरा एखादा राजा शिकारीत आणि मेजवान्यांत बुडाला असता. श्वार्ट्‌झ या जर्मन पाद्र्याच्या देखरेखीखाली शिकलेल्या या राजाने पुस्तके जमविली. नायकांच्या वेळेपासून चालत आलेला ग्रंथसंग्रह त्याने कितीतरी वाढविला. १८२० साली काशीयात्रेला निघाला, तेव्हा तिथूनही पोथ्या आणल्या. छापखाना काढून देवनागरी खिळ्यांनी इसापच्या गोष्टी मराठीत छापविल्या. नेत्ररोग्यांच्या नोंदी डोळ्यांच्या चित्रांसह ठेवविल्या. कंपनीला खूश करण्यासाठी नेपोलियनच्या पराभवाचा मनोराही समुद्रकाठी बांधला, हे लपविण्याचे कारण नाही. मांडलिकाला स्तुती करावीच लागते. पण मनोऱ्याकडे आज फारसे कोणी वळत नाही. सरस्वती महालाकडे जगभरचे अभ्यासक येतात.

१८५५ साली दुसरे शिवाजी पुत्रावाचून वारले. कंपनीने गादी खालसा केली आणि राजघराण्याच्या खासगी मालमत्तेवरही टाच आणली. राण्यांनी दाद मागितली. प्रकरण विलायतेस प्रिव्ही कौन्सिलपर्यंत गेले आणि १८५९ साली निकाल त्यांच्या विरुद्ध लागला. एवढ्या पडझडीतूनही ग्रंथसंग्रह टिकला, आणि १९१८ साली तो लोकांसाठी खुला झाला. त्यात आज चाळीस हजारांहून अधिक हस्तलिखिते आहेत. संस्कृत सर्वांत जास्त; त्यांच्या शेजारी तमिळ, तेलुगू, मराठी. मोडी कागदांचे रुमालच्या रुमाल आहेत, आणि ती लिपी वाचणारे मात्र थोडे आहेत. ही उणीव तंजावरची नाही, आपली आहे.

आता तो मराठी शिलालेख. सरफोजींच्या आज्ञेने बाबूराव चिटणिसांनी रचलेले भोसले वंशाचे चरित्र १८०३ साली त्या भिंतीवर कोरले गेले. राज्य जाऊन तेव्हा चारच वर्षे झाली होती. पहिल्या भेटीत ते वाचताना माझी छाती अभिमानाने फुगली होती. आता तारीख आठवून वाचतो, तेव्हा त्या राजाच्या मनाची कल्पना येते. मुलूख हातचा गेला, फौज गेली, खजिना गेला; तेव्हा निदान आपण कोण होतो एवढे तरी राहावे, म्हणून त्याने दगडाचा आश्रय केला. आणि दगड निवडला तो कोणाचा? आठशे वर्षांपूर्वी ज्याने आपल्या दारच्या नर्तकींची नावे कोरून ठेवली, त्या तमिळ राजाच्या देवळाचा. स्वतःसाठी वेगळा जयस्तंभ त्याने उभारला नाही. जुन्या दप्तरात त्याने आपले एक पान जोडले.

म्हणून तंजावरास जाणाऱ्या माझ्या बांधवांना एवढेच सुचवावेसे वाटते. एक दिवसाऐवजी दोन दिवस ठेवा. शहरात जुन्या घराण्यांतील कोणी भेटले आणि तमिळ वळणाची, कानाला अनोळखी लागणारी मराठी बोलू लागले, तर हसू नका. तीनशेहून अधिक वर्षे त्यांनी ती घरात सांभाळली आहे. राजवाड्यातील चोळांच्या ब्राँझमूर्ती पाहा, सरस्वती महालात घटकाभर बसा. आपला शिलालेख अवश्य वाचा. मात्र तो वाचून झाल्यावर जोत्यापाशी या आणि वाटाड्याला विचारा, की इथे काय लिहिले आहे? पुढच्या खेपेस मी विचारले, तेव्हा त्या वृद्ध रखवालदाराने एका ओळीवर बोट ठेवले आणि तीवरून ते फिरवीत सावकाश एकेक नाव वाचून दाखविले.