आधी डबा, मग पुस्तक

२०२१ चा एप्रिल. खराडीतल्या भाड्याच्या वन बीएचकेमध्ये मी एकटा, आणि रिपोर्ट पॉझिटिव्ह. दोन्ही रूममेट आधीच गावी पळालेले. पहिल्या दिवशी बिस्किटांवर भागवलं. दुसऱ्या दिवशी दुपारी बेल वाजली. दार उघडलं, तर हँडलला पिशवी अडकवलेली आणि पिशवीत स्टीलचा डबा. समोरच्या फ्लॅटमधल्या काकू आपल्या दारात मास्क लावून उभ्या होत्या. वर्षभरात आमचं बोलणं ‘लिफ्ट बंद आहे’ याच्या पुढे गेलं नव्हतं.

“ताप किती?” त्यांनी विचारलं.

मी आकडा सांगितला. त्या आत गेल्या. हे पुढे चौदा दिवस चाललं.

रात्री आईला फोनवर सांगितलं. आईने विचारलं, “आडनाव काय त्यांचं?” मी सांगितलं. आई जरा थांबली. मग म्हणाली, “बघ बाबा. या लोकांचं असंच असतं. आधी डबा येतो, मग पुस्तक येतं.”

माझी आई काही दुष्ट बाई नाही. ऐकत आली तेच तिने सांगितलं. आणि खरं सांगायचं तर मीही पुस्तकाची वाट बघायला लागलो. तिसऱ्या दिवशी डब्याखाली घडी घातलेला कागद सापडला, तेव्हा मनात म्हटलं, आलं! कागदावर ताप आणि ऑक्सिजन कधी कधी मोजायचा, याचं वेळापत्रक होतं. काकू निवृत्त नर्स होत्या. पुस्तक चौदाव्या दिवसापर्यंत आलं नाही. आजतागायत आलेलं नाही.

पण प्रश्न डोक्यात राहिला. मी सॉफ्टवेअरवाला माणूस. आमच्या धंद्यात कुठलीही गोष्ट फुकट मिळाली, की आम्ही आधी विचारतो, यात यांचा फायदा काय? चांगुलपणाला गळ लावलेला असतो का? आणि गळ नसेल, तर माणूस हे कशासाठी करतो?

या प्रश्नाचं उत्तर शोधताना मी ज्या ठिकाणी पोचलो, ते माझ्या येण्याजाण्याच्या वाटेवरच होतं. आमचं गाव दौंडच्या पुढे. इंजिनिअरिंगची चारही वर्षं मी पुणे-दौंड गाडीने ये-जा केली. यवत, खुटबाव आणि मग केडगाव. केडगाव आलं की आजी खिडकीतून बोट दाखवायची आणि म्हणायची, “रमाबाईचं मिशन.” तिच्या आवाजात आदर होता की नाक मुरडणं, हे मला कधी कळलं नाही. बहुतेक दोन्ही असावं.

पंडिता रमाबाई. रानड्यांच्या रमाबाई वेगळ्या, या डोंगऱ्यांच्या. शाळेच्या पुस्तकात त्यांच्यावर चार ओळी होत्या: संस्कृत पंडिता, शारदा सदन, विधवांसाठी कार्य. पाचवी ओळ, म्हणजे त्या ख्रिस्ती झाल्या, ती घाईघाईने उरकलेली. मला वाटतं, सगळी गोष्ट त्या पाचव्या ओळीत आहे.

जन्म १८५८ चा. वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनी बायकोला संस्कृत शिकवलं, म्हणून गावाशी वैर आलं. पुढे सगळं कुटुंब पुराणं सांगत तीर्थोतीर्थी पायी फिरू लागलं. १८७० च्या दशकातल्या दुष्काळात आईवडील आणि मोठी बहीण गेली. उरलेले दोघे, रमा आणि भाऊ श्रीनिवास, चालत चालत कलकत्त्याला पोचले. तिथल्या पंडितांनी या विशीतल्या मुलीची परीक्षा घेतली आणि तिला ‘सरस्वती’ म्हटलं. १८८० मध्ये भाऊ वारला. त्याच वर्षी त्यांनी जातीबाहेर, बिपिनबिहारी मेधावी या बंगाली वकिलाशी लग्न केलं. १८८२ मध्ये नवराही गेला. पदरात मनोरमा नावाची लहान मुलगी. म्हणजे भूक, अनाथपण आणि वैधव्य हे तिन्ही त्यांनी पुस्तकात वाचलेलं नव्हतं, भोगलं होतं.

१८८३ मध्ये डॉक्टरकीच्या इच्छेने त्या इंग्लंडला गेल्या आणि वाँटेज इथल्या ख्रिस्ती सिस्टरांच्या मठात राहिल्या. ऐकू कमी येत असल्याने डॉक्टरकी राहून गेली. पण तिथे एक वेगळीच गोष्ट घडली. सिस्टरांनी त्यांना लंडनच्या फुलहॅम भागात आपलं एक काम बघायला पाठवलं. समाज ज्यांना ‘वाया गेलेल्या’ म्हणतो, अशा बायकांसाठीचं ते घर होतं. रमाबाईंनी पाहिलं, की त्या बायकांना कुणी तोंड लपवायला सांगत नव्हतं. आणि एके काळी त्याच घरात आसरा घेतलेल्या काही जणी आता आजारी, अपंग माणसांची सेवा करत होत्या.

रमाबाईंनी पुराणं पाठ केली होती, धर्मशास्त्रं वाचली होती. अशा बाईसाठी तिथे काय लिहिलंय, हे त्यांना चांगलं ठाऊक होतं. म्हणून त्यांनी सिस्टरांना विचारलं, तुम्ही या बायकांना इतक्या मायेने का वागवता? उत्तरादाखल एका सिस्टरने त्यांना बायबलातली एक गोष्ट वाचून दाखवली. शोमरोनी बाईची. येशू दुपारी एका विहिरीवर बसलेला असतो. तिथे एक बाई पाणी भरायला येते. ती अशा समाजातली, की येशूच्या जातभाईंना तिच्या भांड्यातलं पाणी चालत नाही. शिवाय पाच नवरे झालेली. येशू तिच्याकडे प्यायला पाणी मागतो.

आपल्याकडे या गोष्टीचा अर्थ समजावून सांगावा लागत नाही. कुणाच्या विहिरीला कुणी हात लावायचा, यावर आपला निम्मा इतिहास उभा आहे. पुढे अनेक वर्षांनी आपली साक्ष लिहिताना रमाबाईंनी हाच प्रसंग निर्णायक म्हणून सांगितला. आधी वाद नव्हता, तत्त्वज्ञान नव्हतं. आधी काम दिसलं, मग त्यांनी स्वतः कारण विचारलं, आणि मग पुस्तक आलं. माझ्या आईने सांगितलेलाच क्रम, फक्त पुस्तक इथे मागून घेतलेलं होतं. २९ सप्टेंबर १८८३ ला त्यांनी बाप्तिस्मा घेतला.

यानंतर त्या निमूट चर्चच्या आज्ञेत राहिल्या असत्या, तर गोष्ट सोपी झाली असती. पण त्यांनी त्याच सिस्टरांशी पत्रांतून कडाक्याचे वाद घातले. पटत नाही ते मानणार नाही, हा हेका. त्यांनी पुरुष विद्यार्थ्यांना शिकवू नये, असं बिशपांचं मत पडलं, तेव्हा त्या भडकल्या. क्रूसावरची अक्षरं लॅटिनमध्ये का, आमच्या लोकांना कळेल अशा संस्कृतात का नाहीत, असंही त्यांनी विचारलं. शाकाहार सोडला नाही. त्यांचा देव त्यांनी स्वीकारला, पण त्याच्या नावाने बोलणाऱ्या साहेबांचा अधिकार स्वीकारला नाही.

१८८९ मध्ये अमेरिकन मित्रांच्या मदतीने त्यांनी मुंबईत शारदा सदन काढलं. ही उच्चवर्णीय विधवांची शाळा आणि वसतिगृह. पुढच्या वर्षी ते पुण्याला हललं. ठरलेला करार असा, की इथे कुणाला धर्म शिकवायचा नाही. मुलींना आपापले सोवळ्याओवळ्याचे नियम पाळायची मोकळीक होती. रमाबाई स्वतः मात्र आपल्या खोलीत प्रार्थना करत, आणि खोलीचं दार उघडं ठेवत. काही मुली येऊन बसू लागल्या. झालं. ‘केसरी’ने झोड उठवली. १८९३ मध्ये रानडे, भांडारकर यांच्यासारख्या, त्यांच्या बाजूने उभं राहिलेल्या माणसांनीही सल्लागार मंडळ सोडलं. पालक येऊन मुली काढून नेऊ लागले.

इथे मी बराच काळ अडकलो होतो. दार उघडं ठेवणं म्हणजे गळ टाकणं का? रमाबाईंचं म्हणणं होतं, की मुलींना घरच्या पूजेला बसायची मोकळीक आहे, तशीच इथे बसायचीही असावी. टीकाकारांचं म्हणणं होतं, की ज्या बाईने अन्न दिलं, अक्षर दिलं, तिच्या दाराचं आकर्षण साधं नसतं. मला दोन्ही बाजू कळतात. उपकाराचं वजन असतं. ते देणाऱ्याला जाणवलं नाही, तरी घेणाऱ्याला जाणवतं.

पण मग शारदा सदनाच्या पहिल्या विधवा विद्यार्थिनीकडे बघावं लागतं. तिचं नाव गोदूबाई. लहानपणीच विधवा झालेली कोकणातली मुलगी. तिथे काही वर्षं राहून ती शिकली, आणि हिंदूच राहिली. १८९३ मध्ये, म्हणजे पुण्यात हे वादळ चालू होतं त्याच वर्षी, तिने धोंडो केशव कर्वे यांच्याशी पुनर्विवाह केला. ती झाली आनंदीबाई ऊर्फ बाया कर्वे. अण्णासाहेब कर्व्यांनी १८९६ मध्ये विधवांसाठी आश्रम काढला. त्यातून हिंगण्याची संस्था आणि १९१६ मध्ये महिला विद्यापीठ उभं राहिलं. आज कर्वेनगरात राहणाऱ्या किती मुलींना माहीत असेल, की त्यांच्या कॉलेजच्या वंशावळीत रमाबाईंचं ते उघडं दार कुठेतरी आहे?

मग १८९६-९७ चा दुष्काळ आला. रमाबाई मध्य प्रांतात गेल्या. स्वतःच्या आईवडिलांचं मरण त्यांनी तिथल्या मदतछावण्यांत पुन्हा पाहिलं. त्यांनी सुमारे तीनशे मुली आणि बायका पुण्याला आणल्या. नेमका तेव्हाच पुण्यात प्लेग. इतकी माणसं शहरात ठेवायला अधिकाऱ्यांनी मनाई केली. केडगावला त्यांनी फळबागेसाठी जमीन घेऊन ठेवली होती. तिथे तंबू ठोकले गेले. तेच ‘मुक्ती’. १९०० च्या गुजरातच्या दुष्काळानंतर तिथली संख्या दोन हजारांच्या घरात गेली.

या आकड्यावर माझ्यातला इंजिनिअर थांबला. माणशी रोज अर्धा किलो धान्य धरलं, तरी दोन हजार माणसांना रोज एक टन लागतं. माणशी वीस लिटर पाणी म्हटलं, तर चाळीस हजार लिटर, म्हणजे आजचे दहा हजारी चार टँकर. दौंड तालुक्यात. दुष्काळात. तेव्हा तिथे वीज नव्हती, पंप नव्हता, टँकर नव्हता. त्यांनी विहिरी खणल्या. शेती, गोठा, तेलाचा घाणा, हातमाग, छापखाना उभा केला आणि तो मुलींनीच चालवला. अंध मुलींना ब्रेल शिकवलं. आणि ‘वाया गेलेल्या’ म्हटल्या जाणाऱ्या बायकांसाठी कृपा सदन काढलं. फुलहॅममध्ये पाहिलेलं घर अखेर केडगावात उभं राहिलं.

दया म्हटलं की आपल्याला पाणावलेले डोळे आठवतात. मला आता धान्याच्या कोठाराची वही आठवते. रोज कुणीतरी ती लिहिली असणार. आज किती आलं, किती गेलं, किती उरलं. भावना पहिल्या आठवड्यात संपते. त्यानंतर पंचवीस वर्षं रोज सकाळी उठून पीठ मोजायला काहीतरी दुसरं लागतं. रमाबाई त्याला श्रद्धा म्हणत होत्या.

आणि ही श्रद्धा गोड गोड नव्हती. १८९७ मध्ये सरकारच्या प्लेग-व्यवस्थेत आपल्या एका मुलीचं काय झालं, याचा जाब त्यांनी ‘बॉम्बे गार्डियन’मध्ये पत्र लिहून विचारला. सरकार ख्रिस्ती, पत्र लिहिणारी ख्रिस्ती, वर्तमानपत्रही ख्रिस्ती. गव्हर्नरने आरोप फेटाळले. त्या मागे हटल्या नाहीत. आपल्या मुलीसाठी भांडणं हाही सेवेचाच भाग होता.

तरी एक गोष्ट झाकून ठेवता येणार नाही. १८९८ नंतर अमेरिकन मंडळाबरोबरची मुदत संपली आणि मुक्ती उघडपणे ख्रिस्ती संस्था झाली. तिथल्या असंख्य अनाथ मुली ख्रिस्ती झाल्या. दुष्काळातून उचलून आणलेल्या आठ वर्षांच्या पोरीने धर्म ‘निवडला’ असं मी म्हणू शकत नाही. पण त्याच वेळी हेही खरं, की ती पोर रस्त्यावर पडली होती तेव्हा तिचा जन्माचा धर्म तिथे पीठ मोजायला आला नव्हता. ज्यांना त्या धर्मांतराचा राग येतो, त्यांनी हा दुसरा राग आधी स्वतःवर काढावा. कर्व्यांनी तो काढला. बोलत बसण्याऐवजी त्यांनी आश्रम बांधला.

रमाबाईंनी शेवटची वर्षं बायबलच्या भाषांतरात घालवली. त्यासाठी त्या हिब्रू आणि ग्रीक शिकल्या. साध्या बायकांना कळेल अशी मराठी त्यांना हवी होती. १९२१ मध्ये मनोरमा गेली. ५ एप्रिल १९२२ ला त्या गेल्या. ते भाषांतर मुक्तीच्याच छापखान्यात छापलं गेलं. म्हणजे पुस्तक होतंच. पण डब्यानंतर जवळजवळ चाळीस वर्षांनी.

गेल्या दिवाळीत गावी जाताना मी केडगावला उतरलो. आत खूप वेळ नव्हतो. त्यांच्या थडग्यापाशी उभा राहिलो, एक चक्कर मारली, पुढची गाडी पकडली. घरी आईला हे सगळं सांगितलं. तीनशे मुली, चार टँकर, गोदूबाई. आई भाजी निवडत ऐकत होती. शेवटी तिने विचारलं, “त्या काकूंचा डबा तू परत कसा दिलास?”

“घासून.”

“रिकामा?”

मी गप्प.

“रिकामा डबा परत देतात का रे कधी?” आई म्हणाली. “काय म्हणाल्या असतील त्या. काहीच वळण नाही म्हणून.”

जाताना तिने शेंगदाण्याचे लाडू बांधून दिले. पुण्यात आल्यावर मी समोरची बेल वाजवली. काकूंनी डबा घेतला, झाकण उघडून बघितलं आणि विचारलं, “आईने केलेत?” मी हो म्हटलं. मग हिय्या करून विचारलं, की तेव्हा तुम्ही रोज डबा का देत होतात?

त्या माझ्याकडे बघत राहिल्या. प्रश्नच त्यांना कळला नव्हता.

“अरे, तू आजारी होतास ना?”