सीमेवरची मायबोली

निपाणीहून कोल्हापूरला निघालं की यमगर्णीपाशी वेदगंगा लागते आणि कोगनोळी सोडल्यावर दूधगंगा. पलीकडे कागल, म्हणजे महाराष्ट्र. दोन्ही नद्या सह्याद्रीतून येतात, भोज गावापाशी एक होतात आणि सदलग्यावरून पुढे कृष्णेला मिळतात. पाण्याला राज्य कुठलं? आपल्याला मात्र ते रोज ठाऊक असतं.

बेळगाव जिल्हा आधी मुंबई राज्यात होता. १ नोव्हेंबर १९५६ ला तो म्हैसूर राज्यात गेला. महाजन आयोगाने १९६७ च्या अहवालात निपाणी, खानापूर महाराष्ट्राला द्यावं आणि बेळगाव शहर म्हैसूरमध्येच राहावं असं सुचवलं. महाराष्ट्राने ते मानलं नाही. २००४ पासून दावा सर्वोच्च न्यायालयात आहे. गाव हा घटक धरा आणि तिथे जास्त लोक कुठली भाषा बोलतात ते बघा, ही महाराष्ट्राची मागणी.

ऐकायला सोपं आहे. पण आपल्या जैन घराची भाषा मोजायची कशी? सोयरीक जमवताना आपल्या थोरांनी घराणं बघितलं, शेती बघितली, धर्म बघितला. भाषा आडवी आली नाही. चिकोडी-रायबागची मुलगी शिरोळ-हातकणंगल्याला जायची, तिकडची इकडे यायची. माहेरी ‘ऊटा आत?’ विचारणारी पोर सासरी वर्षभरात ‘जेवलासा काय?’ म्हणायला लागायची. खानेसुमारीच्या कागदावर मात्र मातृभाषा एकच, आणि ती बहुधा सासऱ्यांच्या घरची. नाव मातृभाषा, पण गळायची ती आईचीच भाषा. तरी अक्का, अण्णा, अप्पा ही कन्नड हाक आपल्या मराठी घरात राहिलीच.

मागचा इतिहासही असाच दुहेरी आहे. बेळगावच्या किल्ल्यातली कमल बस्ती रट्ट राजा चौथा कार्तवीर्य याचा मंत्री बिचिराज याने १२०४ च्या सुमारास बांधली. तिच्याबद्दलचा शिलालेख कन्नड. श्रवणबेळगोळला बाहुबलींच्या पायाशी मात्र कन्नड आणि तमिळबरोबर मराठीही कोरलेली आहे. आपल्या स्तवनिधीला १८९९ मध्ये दक्षिण महाराष्ट्र जैन सभा स्थापन झाली. तीच आजची दक्षिण भारत जैन सभा. भोजचे आचार्य शांतिसागर महाराज यांनी १९५५ मध्ये कुंथलगिरीला सल्लेखनेत असताना शेवटचा उपदेश मराठीत केला. सदलग्याचे डॉ. आ. ने. उपाध्ये कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजात प्राकृत शिकवत. महाजन अहवालाच्याच वर्षी, १९६७ ला, ते कन्नड साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले. त्यांना कुणाच्या रकान्यात बसवायचं?

आज जमिनीचा उतारा कन्नडमध्ये, रेशनकार्ड कन्नडमध्ये. मराठी शाळेत शिकलेली बाई दुसऱ्याकडून वाचून घेते आणि सांगेल तिथे सही करते. शेत तिच्या नावावर आहे की दिराच्या, हे तिला दुसऱ्याने सांगावं लागतं. म्हणून मराठीत कागद मागणं हा नुसता अस्मितेचा प्रश्न नाही, बायकांच्या हक्काचा आहे. भाषिक अल्पसंख्याकांना दिलेल्या संरक्षणात तो बसतो. तो सोडायचा नाही.

पण न्यायालयाचा निकाल कधी लागेल तो लागो, तोवर घरातल्या पोरींना दोन्ही लिप्या वाचता आल्या पाहिजेत. एक आजीची म्हणून आणि दुसरी आईची म्हणून. कुठली कुणाची, ते घरोघरी वेगळं असेल, एवढंच.