पाउच छापायला देण्याआधी हे वाचा: प्रिंट-रेडी फाइल कशी तयार करायची?

मनोरीत आमच्याकडे १ जूनच्या आत सगळी घाई असते. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते आणि त्या दोन महिन्यांत सुक्या मच्छीला मागणी असते. माझी आत्या सुका जवळा आणि बोंबील विकते. दोन वर्षांपूर्वी आम्ही ठरवलं, साध्या पिशवीऐवजी आपल्या नावाचा छापील पाउच करायचा. मी सॉफ्टवेअर इंजिनिअर, त्यामुळे डिझाइनचं काम माझ्या गळ्यात पडलं. फोनवरच्या ॲपमध्ये डिझाइन केलं, व्हॉट्सॲपवर पाठवलं. मनोरी-मार्वे फेरीबोटीत बसलो असताना प्रूफचा फोटो आला. फोटो छोटाच होता. मी वरवर बघून ‘ओके’ टाइप केलं.

१,००० पाउच आले. समोर ‘सुक्‌या मच्‌छी’ असं पाय मोडून लिहिलेलं, आणि ‘किंमत’मधली पहिली वेलांटी क-च्या आधी न येता नंतर आलेली. आत्या म्हणाली, “बाबू, हे असं काय लिवलंय?” पुढचे चार दिवस आम्ही दोघं प्रत्येक पाउचवर स्टिकर चिकटवत होतो.

चूक छापणाऱ्याची नव्हती. त्याने फाइल उघडल्यावर जे दिसलं तेच छापलं आणि मी त्याला ‘ओके’ दिलं होतं. तुमच्या घरी कोणी लोणची, बाटली मसाला, पापड किंवा साबण विकत असेल, तर ही माहिती तुमच्या उपयोगी पडेल.

प्रिंट-रेडी फाइल म्हणजे काय?

छापखान्यात कोणीही काही न बदलता, न विचारता थेट मशीनला देऊ शकेल अशी फाइल म्हणजे प्रिंट-रेडी फाइल. माप बरोबर, रंग छपाईचे, फोटो पुरेसे मोठे, अक्षरं न तुटणारी. यातली एक गोष्ट जरी राहिली तरी छापखान्यातल्या माणसाला अंदाज लावावा लागतो, आणि गडबड तिथेच होते.

१. डिझाइनच्या आधी कीलाइन मागा

पाउच किंवा बॉक्स कुठे कापला जाणार, कुठे दुमडणार, कुठे सील होणार हे दाखवणारा रेषांचा नकाशा म्हणजे कीलाइन. काही जण तिला डायलाइन म्हणतात. ती स्वतः बनवू नका, छापखान्याकडून मागून घ्या. प्रत्येकाच्या मशीनप्रमाणे तिची मापं बदलतात.

- कीलाइन वेगळ्या लेयरवर ठेवा आणि तो लेयर लॉक करा. ती छापायची नसते.
- उभा राहणारा पाउच असेल तर तळाच्या घडीवरचं डिझाइन कोणत्या दिशेने ठेवायचं ते विचारा. नाहीतर तळावरची अक्षरं उलटी येतात.
- बाटलीचं लेबल असेल तर कागदाची पट्टी बाटलीभोवती गुंडाळून मोजा. ६५ मिमी व्यासाच्या बाटलीचा घेर साधारण २०४ मिमी भरतो. त्यात चिकटवायला ५-६ मिमी जास्तीचे धरा. समोरून बघणाऱ्याला लेबलचा जेमतेम एक तृतीयांश भाग दिसतो, म्हणून नाव तेवढ्यात मावलं पाहिजे.

२. ब्लीड, सुरक्षित जागा आणि सील

कापताना ब्लेड केसभर इकडे-तिकडे होतंच. म्हणून पार्श्वभूमीचा रंग किंवा फोटो कापायच्या रेषेच्या बाहेर साधारण ३ मिमी वाढवायचा. याला ब्लीड म्हणतात. ते नसेल तर कडेला पांढरी रेघ दिसते.

याच्या उलट, महत्त्वाचा मजकूर कापायच्या रेषेपासून किमान ३ ते ५ मिमी आत ठेवायचा. पाउचमध्ये एवढ्यावर भागत नाही. कडेची सीलची पट्टी, झिपची जागा, फाडायची खाच आणि लटकवायचं भोक, या चारही ठिकाणी मजकूर नको. आमच्या पहिल्या डिझाइनमध्ये फोन नंबरचा शेवटचा आकडा सीलखाली जात होता. तो मात्र वेळेत दिसला.

३. फोटो किती मोठा लागतो?

फोनवर चकाचक दिसणारा फोटो छपाईत धुरकट येतो, कारण छपाईला दर इंचात साधारण ३०० पिक्सेल लागतात. हिशोब सोपा आहे:

मिलिमीटर ÷ २५.४ × ३०० = लागणारे पिक्सेल

समजा पाउचची पुढची बाजू १५० × २२० मिमी आहे. चारही बाजूंना ३ मिमी ब्लीड धरून ती १५६ × २२६ मिमी होते. म्हणजे पूर्ण भरणाऱ्या फोटोला साधारण १८४३ × २६६९ पिक्सेल हवेत. इन्स्टाग्रामसाठी बनवलेलं १०८० × १०८०चं चित्र ३०० पिक्सेलच्या हिशोबाने फक्त ९१ मिमी रुंद छापता येतं. ते ताणून मोठं केलं की पिक्सेल वाढत नाहीत, फक्त फुगतात.

लोगो, चिन्हं, क्यूआर कोड आणि बारकोड यांच्यासाठी फोटो वापरूच नका. ते व्हेक्टर स्वरूपात म्हणजे एसव्हीजी किंवा पीडीएफमध्ये घ्या. व्हेक्टरमध्ये ठिपक्यांऐवजी रेषांचं गणित साठवलेलं असतं, त्यामुळे कितीही मोठं केलं तरी कडा स्वच्छ राहते.

४. स्क्रीनचा रंग कागदावर का येत नाही?

फोनची स्क्रीन लाल, हिरवा आणि निळा प्रकाश मिसळून रंग दाखवते. हा आरजीबी. छपाईत निळसर, गुलाबी, पिवळी आणि काळी अशा चार शाया एकावर एक बसतात. हा सीएमवायके. प्रकाशाने दिसणारा झगझगीत पोपटी किंवा गडद निळा या चार शायांतून तसाच येत नाही, थोडा मंदच येतो. त्यात बऱ्याच फोनचा डिस्प्ले ‘व्हिव्हिड’ मोडवर असतो, म्हणजे फसवणूक दुप्पट.

- फाइल सीएमवायकेमध्ये बनवा किंवा शेवटी बदलून रंग पुन्हा तपासा.
- बारीक काळा मजकूर फक्त काळ्या शाईत म्हणजे के १०० ठेवा. चार शायांतून बनवलेला काळा थोडा जरी सरकला तरी अक्षरांना रंगीत सावली येते.
- गडद रंगावर बारीक पांढरी अक्षरं टाळा. शाई पसरली की अक्षरं बुजतात.
- पारदर्शक किंवा चंदेरी पाउच असेल तर रंगांच्या खाली पांढऱ्या शाईचा वेगळा थर लागतो. नाहीतर चंदेरी पाउचवर पिवळा सोनेरी दिसतो आणि पारदर्शक पाउचवर रंगांमधून आतला माल दिसतो. हा थर कसा द्यायचा ते छापखान्याला विचारा.
- पांढऱ्या अक्षरांवर ‘ओव्हरप्रिंट’ सेटिंग चालू नाही ना, ते बघा. चालू असेल तर छापताना ती अक्षरं गायब होतात.

५. मराठी अक्षरं: आपली सगळ्यात मोठी अडचण

इंग्रजीत एकेक अक्षर शेजारी ठेवलं की शब्द होतो. देवनागरीत तसं नसतं. ‘कि’ लिहिताना आपण क आधी टाइप करतो, पण वेलांटी त्याच्या आधी दिसते. ‘च्छी’, ‘क्या’, ‘र्वी’ ही जोडाक्षरं सॉफ्टवेअर त्या क्षणी फॉन्टमधले नियम वाचून तयार करतं. छापखान्यातल्या कॉम्प्युटरवर तो फॉन्ट नसेल किंवा सॉफ्टवेअर जुनं असेल तर जोडणी तुटते. आमच्या पाउचचं नेमकं हेच झालं. माझ्या फोनवर सगळं बरोबर होतं. तिकडे फाइल उघडल्यावर फॉन्ट बदलला.

यावर उपाय असे:

- शेवटच्या फाइलमध्ये सगळा मजकूर कर्व्ह करा, म्हणजे अक्षरांचं चित्रात रूपांतर करा. कोरलड्रॉमध्ये ‘कन्व्हर्ट टू कर्व्हज्’, इलस्ट्रेटरमध्ये ‘क्रिएट आउटलाइन्स’. मग फॉन्ट नसला तरी काही बिघडत नाही. मजकूर बदलता येईल अशी मूळ फाइल मात्र स्वतःकडे जपून ठेवा.
- इलस्ट्रेटरमध्ये मराठी लिहिण्याआधी सेटिंगमधला ‘शो इंडिक ऑप्शन्स’ पर्याय चालू करा.
- युनिकोड फॉन्टच वापरा. जुने बिगर-युनिकोड फॉन्ट आतून इंग्रजी अक्षरं साठवतात. फॉन्ट बदलला की मराठीच्या जागी अगम्य काहीतरी येतं.
- परवान्याची चिंता नको असेल तर मुंबईच्या ‘एक टाइप’चे मुक्ता आणि बलू, किंवा गूगलचा नोटो सॅन्स देवनागरी हे फॉन्ट मोफत आणि व्यवसायासाठी खुले आहेत.
- ल आणि श नीट बघा. राज्य शासनाच्या २००९ सालच्या शासन निर्णयात मराठीसाठी पाकळीयुक्त ल आणि देठयुक्त श ठरवलेले आहेत. युनिकोडमध्ये हिंदी आणि मराठीच्या ल-चा क्रमांक एकच असतो. रूप कोणतं दिसेल ते फॉन्ट आणि भाषेच्या सेटिंगवर ठरतं.

६. खाण्याचा पदार्थ असेल तर लेबलवर काय हवं?

जागा उरली तर टाकू, असं इथे चालत नाही. हा मजकूर आधी मांडा, सजावट नंतर करा.

- पदार्थाचं नाव, घटकांची यादी (जास्त प्रमाणाचा घटक आधी), निव्वळ वजन.
- बनवणाऱ्याचं नाव, पत्ता आणि ग्राहक तक्रारीसाठी संपर्क.
- एफएसएसएआयचा लोगो आणि १४ अंकी नोंदणी किंवा परवाना क्रमांक.
- बॅच नंबर, उत्पादनाची तारीख आणि वापरण्याची मुदत.
- सर्व करांसहित एमआरपी आणि प्रति ग्रॅम किंवा प्रति किलो किंमत.
- शाकाहारी किंवा मांसाहारी चिन्ह, पुढच्या बाजूला नावाजवळ. शाकाहारीसाठी हिरव्या चौकटीत हिरवा गोल. मांसाहारीसाठी २०२०च्या नियमांनुसार तपकिरी चौकटीत तपकिरी त्रिकोण. इंटरनेटवर अजून जुनं तपकिरी गोलाचं चिन्ह सापडतं, ते उचलू नका.
- ॲलर्जीची सूचना. सुका बोंबील मासे या गटात येतो. जवळा हा बारीक कोळंबीसारखा जीव, म्हणून तो कवचधारी जलचरांच्या गटात येतो. दोन्ही पाउचवर एकच ओळ चालणार नाही.

बंधनकारक मजकूर इंग्रजीत किंवा देवनागरीतल्या हिंदीत हवा, मराठी त्याच्या जोडीला टाकता येते. फक्त मराठीत लेबल केलं तर ते नियमात बसत नाही. अक्षरांची किमान उंचीही पॅनेलच्या आकारानुसार ठरलेली आहे, म्हणून छापायच्या आधी ताजे नियम एकदा बघा.

तारीख, बॅच आणि किंमत बदलत राहते. त्यासाठी फिकट रंगाची मोकळी चौकट सोडा. चकचकीत लॅमिनेशनवर शिक्क्याची शाई पुसली जाते, म्हणून तिथे कोणती शाई टिकेल ते आधीच विचारा.

७. फाइल कशी पाठवायची?

- पीडीएफ पाठवा. ‘पीडीएफ/एक्स-१ए’ की ‘पीडीएफ/एक्स-४’ हवी ते छापखान्याला विचारा.
- कॅनव्हा वापरत असाल तर ‘पीडीएफ प्रिंट’ निवडा आणि क्रॉप मार्क व ब्लीडचा पर्याय चालू करा. सीएमवायकेचा पर्याय पैसे भरलेल्या खात्यात मिळतो.
- मोफत पर्याय हवा असेल तर कॉम्प्युटरवर स्क्रायबस आहे. ते सीएमवायके आणि ब्लीडसह पीडीएफ बनवतं. मराठीसाठी १.६ किंवा त्यानंतरची आवृत्ती घ्या.
- व्हॉट्सॲपवर फोटो म्हणून पाठवलं की फाइल दाबली जाते आणि पिक्सेल कमी होतात. ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवा किंवा ड्राइव्हची लिंक द्या.
- फाइलच्या नावात माप आणि आवृत्ती लिहा: जवळा-१००ग्रॅम-१५०×२२०-आवृत्ती३. ‘फायनल-फायनल-नवीन’ या नावाने चुकीची फाइल छापली जाते.

८. प्रूफ कागदावर बघा

हा टप्पा कधीही वगळू नका.

पीडीएफ झेरॉक्सच्या दुकानात नेऊन ‘ॲक्चुअल साइझ’ म्हणजे १०० टक्के मापात प्रिंट काढा. ‘फिट टू पेज’ नको. पट्टीने माप मोजा. प्रिंट कापा, दुमडा, चिकटवा आणि त्यात खरोखर माल भरा. पाउच फुगला की कडेचा मजकूर मागे वळतो, हे स्क्रीनवर कळत नाही. क्यूआर कोड दोन-तीन फोनवरून स्कॅन करा.

मग ज्याने डिझाइन बनवलेलं नाही अशा माणसाला तो कागद मोठ्याने वाचायला द्या. आमच्याकडे आता हे काम आत्या करते. चष्मा लावून एकेक शब्द वाचते आणि ती ‘हां’ म्हणेपर्यंत मी ‘ओके’ पाठवत नाही.

शेवटी छापखान्याकडून त्यांच्या कॉम्प्युटरवर उघडलेली पीडीएफ परत मागवा. तुमच्या फोनवर काय दिसतं यापेक्षा त्यांच्याकडे काय दिसतं ते महत्त्वाचं.

नेहमीचे प्रश्न

*सगळं काम फोनवर होतं का?*
डिझाइन होतं. रंग, कर्व्ह आणि शेवटची तपासणी मात्र कॉम्प्युटरवर करा.

*पहिल्यांदा किती छापावेत?*
कमीत कमी. थोड्या नगांसाठी डिजिटल छपाई किंवा साध्या पाउचवर स्टिकर बरा. मोठ्या ऑर्डरला ग्रॅव्हर छपाईत प्रत्येक रंगाचा वेगळा सिलिंडर बनतो. तिथे एक अक्षर चुकलं तरी सिलिंडर पुन्हा करावा लागतो.

*बारकोड लागतोच का?*
घरून किंवा बाजारात विकताना लागत नाही. मोठी दुकानं मागतात. तो जीएस१ इंडियाकडून घ्यावा. पांढऱ्यावर काळ्या रेषा ठेवा आणि दोन्ही बाजूंना मोकळी जागा सोडा. लाल रेषा नकोत. बरेच स्कॅनर लाल प्रकाश वापरतात, त्यांना त्या दिसतच नाहीत.

‘ओके’ पाठवण्याआधी

कीलाइन छापखान्याची आहे? ब्लीड ३ मिमी आहे? फोटो ३०० पिक्सेलच्या हिशोबात बसतात? रंग सीएमवायके आहेत? मजकूर कर्व्ह केला? चिन्ह आणि १४ अंकी क्रमांक बरोबर आहे? कागदावर काढून घरच्यांनी वाचलं?

सातही उत्तरं ‘हो’ असतील तरच ‘ओके’ टाइप करा. आणि शक्यतो फेरीबोटीत बसून नको.