सत्यशोधकी जलसे : धर्मविषयक उपहासाचे आयुर्मान

प्रस्तावना :
महात्मा जोतीराव फुले यांनी २४ सप्टेंबर १८७३ रोजी पुणे येथे सत्यशोधक समाजाची स्थापना केली. निर्मिक आणि मानव यांच्यामध्ये मध्यस्थाची आवश्यकता नाही, हे त्याचे मूलतत्त्व होय. ते निरक्षर शेतकऱ्यांपर्यंत पोहोचविण्याचे कार्य सत्यशोधकी जलशांनी केले. या जलशांतील उपहास काळाच्या कसोटीवर कितपत टिकतो, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

कोल्हापूरची पार्श्वभूमी :
करवीर संस्थानात हा प्रश्न केवळ तात्त्विक नव्हता. १८९९ मध्ये राजर्षी शाहू महाराजांच्या पंचगंगास्नानप्रसंगी वेदोक्ताऐवजी पुराणोक्त मंत्र म्हटले जात असल्याचे लक्षात आले व त्यातून वेदोक्त प्रकरण उद्भवले. छत्रपतींनाही शूद्र लेखणारी व्यवस्था सामान्य रयतेस कोणते स्थान देत असेल, हे त्यातून स्पष्ट झाले. १९११ मध्ये कोल्हापुरात सत्यशोधक समाज स्थापन झाला. १९२० मध्ये महाराजांनी क्षात्र जगद्गुरूंची नेमणूक केली.

उपहासाचे स्वरूप :
जलशांनी तमाशाचाच साचा स्वीकारला. गणातील गणपतीचा अर्थ 'लोकांचा नायक' असा लावला गेला. मुहूर्त, श्राद्ध, दक्षिणा व कर्जबाजारी करणारे विधी हे विनोदाचे विषय झाले. श्रोता स्वतःच्याच फसवणुकीवर हसत असे आणि त्या हसण्यातूनच भीती ओसरत असे.

या उपहासाचे दोन प्रकार दिसतात. प्रथेतील व्यवहारावर बोट ठेवणारा उपहास आजही समजतो. विशिष्ट व्यक्तीवर वा सरसकट जातीवर रोखलेला उपहास मात्र संदर्भ सरताच केवळ शेरेबाजी ठरतो. पाश्चात्त्य हेवी मेटल संगीतातही हाच भेद आढळतो. ओझी ऑस्बोर्न यांचे 'मिरॅकल मॅन' (१९८८) हे गीत दूरचित्रवाणीवरील धर्मोपदेशक जिमी स्वॅगर्ट यांना उद्देशून होते. त्यांची माहिती नसेल तर त्याची धार बोथट होते. मेटॅलिका या वाद्यवृंदाचे 'लेपर मसाया' (१९८६) श्रद्धेच्या बाजारावरच प्रहार करते, म्हणून ते अधिक टिकते.

निष्कर्ष :
उपहासाची खरी कसोटी स्वतःच्या घरातच लागते. पुरोहितावर हसणारा समाज आपल्याच अंगणातील अस्पृश्यतेबाबत मौन बाळगत असेल, तर ते हसू लवकर शिळे होते. ही उणीव पुढे भीमराव कर्डक प्रभृतींच्या आंबेडकरी जलशांनी दाखवून दिली. महाराष्ट्रास २०१३ मध्ये जादूटोणाविरोधी कायदा करावा लागला, यावरून उपहासाचा विषय संपलेला नाही, हेच सिद्ध होते.